मदत हवी आहे : न्यायाची चाड मोठेपणीही टिकते ती कशामुळे?

नमस्कार. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत विहिरीकडचे दोन गुंठे आपल्याकडे जास्त आले आहेत, हे इतर कोणाच्याही लक्षात आलेले नसताना, माझ्या थोरल्या भावाने (वय ५८) स्वतःहून मोजणी पुन्हा करायला लावली. लहानपणी आंब्याची कोय कोणाला, यावरून आम्ही चौघेही सारख्याच त्वेषाने भांडत असू. मग ती चाड त्याच्यातच एवढी का टिकली, हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह सात देशांतील मुलांवरच्या एका अभ्यासात असे दिसले, की आपल्याला कमी देणारी वाटणी मुले सातही देशांत नाकारत होती, पण आपल्याला जास्त देणारी वाटणी नाकारण्याची वृत्ती तीनच देशांतील मोठ्या मुलांत आढळली आणि त्यांत भारत नव्हता. म्हणजे हा दुसरा भाग संस्कारांतून येत असावा. मात्र एकाच आईच्या हाताखाली वाढलेल्या भावंडांत एवढा फरक कसा पडतो?

मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी, तसेच ज्यांच्या घरी अशी व्यक्ती आहे त्यांनी, कृपया सांगावे : हा मूळचा स्वभाव, की लहानपणी सोसलेल्या अन्यायाचा परिणाम? आठवीत असताना दुसऱ्याच्या चुकीसाठी त्याला दिवसभर वर्गाबाहेर उभे केले होते. तो प्रसंग तो आजही सांगतो.