विक्रीच्या अनाहूत मेलना उत्तर देण्याचे सौजन्य आपण का पाळावे?

अक्षरयात्री (धागाकर्ता)
विक्रीसाठी आलेल्या प्रत्येक अनाहूत मेलला निदान दोन ओळींचा नम्र नकार कळवावा, कारण पलीकडे बसलेल्या माणसालाही नोकरी टिकवायची असते, असा आग्रह धरणारी पोस्ट परवा इथे आली आणि तिचे बरेच कौतुकही झाले. मला तो आग्रह मुळातच मान्य नाही. अनोळखी माणसाने काही विकण्यासाठी पत्र लिहिण्यात गैर काही नाही. माझा आक्षेप खोट्या जवळिकीवर आहे. 'आपले काम मी बऱ्याच काळापासून बारकाईने पाहतो आहे' असे लिहून एका गृहस्थांनी माझ्या कारखान्याच्या उत्पादनक्षमतेची वाखाणणी केली. मी अनुवादक आहे. माझा कारखाना नाही. मी गप्प राहिलो तेव्हा 'माझे पत्र आपल्या नजरेतून निसटले असावे' असे दुसरे पत्र आले, मग 'आपल्याला रस नाही असे समजून हे शेवटचे लिहितो' असे तिसरे, आणि त्या शेवटच्या पत्रानंतर आणखी एक, ज्याच्या विषयाच्या ओळीत उत्तराची खूण ('Re:') अशी लावली होती, की आमचा पत्रव्यवहार आधीपासून चालूच आहे असे वाटावे. मी कोण आहे हे पाहण्याचे कष्टही ज्याने घेतले नाहीत, त्याच्यासाठी मी वेळ का काढावा?

विक्रीतला_जुना
संताप समजतो, निष्कर्ष पटत नाही. नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना पत्त्यांची यादी, मजकुराचा साचा आणि महिन्याचे टार्गेट वरून मिळते. त्यातले एक वाक्य बदलण्याचीही मुभा त्यांना बहुधा नसते. शिवाय पाठोपाठ येणारे फॉलो-अप कोणी बसून लिहीत नाही, ते सॉफ्टवेअर पाठवते, आणि अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये समोरून उत्तर आले की साखळी आपोआप थांबते. आपण 'नको' एवढेच लिहिले असते, तर पुढची पत्रे बहुधा आलीच नसती. माझा पहिला मोठा ग्राहक मला अनाहूत पत्रातूनच मिळाला. त्या कंपनीचा वार्षिक अहवाल अथपासून इतिपर्यंत वाचून मी ते लिहिले होते. त्यांनी नकार कळवला, पण कारणासह, आणि त्या कारणावरच पुढचे बोलणे उभे राहिले.

सर्व्हरवाली
मेल सर्व्हर सांभाळणे हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे वरच्या सल्ल्याला गप्प राहून मान्यता देता येणार नाही. आपण उत्तर दिले, की हा पाठवणारा माणूस हवासा आहे अशी खूण टपालसेवेच्या (म्हणजे जीमेलसारख्या मेलसेवेच्या) स्पॅम गाळणाऱ्या यंत्रणेला मिळते आणि त्याची पत वाढते. नव्या खात्यांनी आपापसांत बनावट पत्रव्यवहार करून पत कमवावी, यासाठी 'वॉर्म-अप' नावाची सेवाच विकली जाते. मुख्य डोमेन (मेलच्या पत्त्यातले @ नंतरचे नाव) बदनाम होऊ नये म्हणून मिळत्याजुळत्या नावाची दुसरी डोमेन घेऊन त्यांवरून पत्रे सोडली जातात. मेलमध्ये एका पिक्सेलचे अदृश्य चित्र असते, त्यावरून आपण पत्र उघडले हे त्यांना कळते. म्हणून चित्रे आपोआप उघडण्याची सोय बंद ठेवावी. आणि पाठवणारा ओळखीचा नसेल, तर मजकुरातल्या अनसबस्क्राइबच्या, म्हणजे यादीतून नाव काढण्याच्या, दुव्याला हात लावू नये, सरळ स्पॅमचे बटण दाबावे.

पत्रिका_संपादक
'सरळ स्पॅमचे बटण दाबा' या सल्ल्यानेच आमच्यासारख्यांचे हाल झाले आहेत! आम्ही एका संस्थेची विनामूल्य पत्रिका चालवतो. लोक स्वतः नाव नोंदवतात, काही महिन्यांनी विसरतात आणि स्पॅम म्हणून तक्रार करतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणे बंधनकारक केले. आमच्या अंकाखाली तो दुवा ठळकपणे असतो. तो न दाबता तक्रार करणे हा प्रामाणिक माणसांवर अन्याय आहे, आणि जाणकारांनी तोच शिकवावा याचा मला राग येतो.

सर्व्हरवाली
आपण माझे वाक्य अर्धेच वाचले. 'पाठवणारा ओळखीचा नसेल, तर' असे मी लिहिले होते. आपले वाचक नाव नोंदवून आलेले असतात. इथे चर्चा कोणी न बोलावता आलेल्यांची आहे. अनोळखी मेलमधला दुवा दाबल्यावर, हा पत्ता चालू आहे आणि पलीकडे वाचणारा माणूस आहे, एवढीच माहिती जाण्याचा धोका असतो. माझ्या एका सहकाऱ्याने असे दुवे नेमाने दाबले, आणि त्यानंतर त्याच्याकडे येणाऱ्या मेलचा ओघ वाढतच गेला.

पत्रिका_संपादक
एका सहकाऱ्याच्या अनुभवावरून नियम काढता येत नाही. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार नाव काढण्याची विनंती कामाच्या १० दिवसांत पाळावी लागते, टपालाचा खरा पत्ता द्यावा लागतो आणि विषयाची ओळ फसवी असून चालत नाही.

सर्व्हरवाली
त्याच कायद्याने पूर्वसंमतीची अट घातली नाही, हे आपण सांगितले नाही. कॅनडाचा जुलै २०१४ मध्ये लागू झालेला कायदा मात्र संमती आधी मागतो. शिवाय जो विषयाच्या ओळीतच फसवतो, तो १० दिवसांचे बंधन पाळेल यावर मी कशाच्या भरवशावर विश्वास ठेवू? टपालसेवा स्वतः मेलच्या वर नाव काढण्याचे बटण दाखवते, ते वापरायला माझी हरकत नाही. यापुढे मी सरकणार नाही.

पत्रिका_संपादक
एवढे तरी आधीच लिहायला हवे होते.

अक्षरयात्री (धागाकर्ता)
चर्चा बटणांवर गेली, म्हणून मूळ मुद्दा पुन्हा मांडतो. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या संगणक-जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण पाठवले. लोक भडकले, आणि ते रास्तच होते. पण ती उघड जाहिरात होती. वाचणाऱ्याचे आपण चाहते आहोत असा आव तिच्यात नव्हता. आज पाठवणाऱ्याला साच्यात माझे नाव भरून माझ्या स्नेहाचा आभास निर्माण करायचा असतो, आणि त्याच आभासाच्या जोरावर तो माझ्याकडून सौजन्याची अपेक्षा करतो.

विक्रीतला_जुना
खोट्या स्तुतीचे आणि उत्तराच्या बनावट खुणेचे समर्थन मी करणार नाही. माझ्या हाताखालच्यांना मी ती लावू दिली नसती. पण आपण दोष मजकूर पाठवणाऱ्याला देता, तो साचा मंजूर करणाऱ्याला द्यायला हवा.

अक्षरयात्री (धागाकर्ता)
दोष साहेबाचा, हे मान्य. तरी पत्राखाली सही ज्याची, उत्तर त्यालाच मिळणार किंवा मिळणार नाही. आपण वार्षिक अहवाल वाचून लिहिलेत तसे पत्र मला आले, तर मी कारणासह नकार नक्की कळवीन. माझ्या कारखान्याचे कौतुक करणाऱ्यांना कळवणार नाही.