सीपॅप मशीन विमानात नेण्याबद्दल – तातडीने मदत हवी आहे

मुग्धा_कर्वेनगर (शनिवार संध्याकाळ)
मंगळवारी पहाटे ४ ची फ्लाइट आहे आणि अजून कोणी सरळ उत्तर देत नाहीये. सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वास मोकळा ठेवणारं) केबिनमध्ये चालतं की चेक-इन करावं लागतं? एजंटचं एकच पालुपद, "काही प्रॉब्लेम नाही मॅडम". एअरलाइनच्या हेल्पलाइनवर नुसतं संगीत वाजतंय. ज्यांनी स्वतः नेलंय त्यांनीच सांगा, गूगल मलाही येतं.

निवांत_नाना
कुठून कुठे? मशीन कुठलं? नुसतं न्यायचंय की विमानात लावून झोपायचंय? एवढं लिहिलंत तर सांगेल ना कोणी.

लोहगावचा_पक्षी
चेक-इन अजिबात करू नका. बॅग दुसऱ्याच गावाला गेली तर पोचल्यावर पहिल्याच रात्री झोपेचे वांधे. मी वेगळी छोटी बॅग हातात ठेवतो. सिक्युरिटीला लॅपटॉपसारखं बाहेर काढायला लावतात, म्हणून आधीच पारदर्शक पिशवीत घाला. नाहीतर कुणाकुणाचे बूट फिरून आलेल्या ट्रेमध्ये ते उघडं पडतं, आणि रात्री त्यातलीच हवा नाकात. मास्क, नळी आतच राहू दे. ह्युमिडिफायरची, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भागाची, टाकी मात्र रिकामी करून कोरडी पुसा. पाणी राहिलं आणि बॅग आडवी झाली की ते थेट मशीनच्या पोटात.

योगसाधक_५८
मशीनची सवय लावायचीच कशाला? रोज सकाळी अर्धा तास भ्रामरी आणि उज्जायी. माझं घोरणं पूर्ण बंद झालं.

निवांत_नाना
योगसाधक, घोरणं आणि स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबणं, एक नव्हे. आणि तुमचं घोरणं बंद झालं हे तुम्हाला झोपेत कसं कळलं? वहिनींना विचारून लिहा.

मुग्धा_कर्वेनगर
मशीन माझं नाही, सासऱ्यांचं आहे. रेसमेड एअरसेन्स १०. मुंबई-दोहा-शिकागो. लावून झोपायचंच आहे, दोह्यानंतरचा टप्पा खूप मोठा आहे आणि बाबांचा ऑक्सिजन झोपेत खाली जातो. बॅटरीची सोय झालीये, तपकीर गल्लीतून ५०,००० एमएएचची पॉवर बँक आणली. आता कृपया मुद्द्याचं.

वायरमन_सहकारनगर
अहो, हाच तर मुद्दा! पॉवर बँकेचे एमएएच आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजतात. ५० गुणिले ३.७ म्हणजे १८५ वॉट-अवर. विमानात १०० वॉट-अवरपर्यंत चालते. १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते, तीही सुट्या दोनच. १६० च्या वर विषय संपला. सुटी बॅटरी चेक-इनमध्ये तर कितीचीही चालत नाही. शिवाय एअरसेन्स १० ला २४ व्होल्ट लागतात, साध्या यूएसबीवर ते ढिम्म हलणार नाही.

बिनधास्त_बावधन
उगाच घाबरवू नका. माझ्या मेहुण्याने याहून मोठी नेली, कोणी विचारलंसुद्धा नाही.

वायरमन_सहकारनगर
मेहुण्याला विचारलं नाही म्हणून मुग्धाताईंना विचारणार नाहीत असं थोडंच आहे? काढून ठेवली की बाबा रात्रभर टक्क जागे. एमिरेट्सने तर १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केलीये.

आजी_इन_औंध
मुग्धा, व्हीलचेअर सांगून ठेव गं. रांगेत उभं राहावं लागत नाही.

लोहगावचा_पक्षी
अमेरिकेला जाणाऱ्या विमानात सीपॅप हॅन्डबॅगच्या संख्येत धरत नाहीत, तिथला नियमच आहे. पण विमानात वापरायचं असेल तर एअरलाइन ४८ तास आधी कळवायला सांगू शकते. तुमची फ्लाइट मंगळवारी पहाटे ४ ला, म्हणजे आज रात्रीच ई-मेल टाका. एफएएच्या (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) निकषात बसत असल्याचं लेबल मशीनवर असतं, त्याचा फोटो जोडा. सीटच्या सॉकेटवर विसंबू नका, जोर कमी असतो आणि कधीकधी बंदच असतं. ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवलीत तर बॅटरी कितीतरी जास्त पुरते.

डोंगरवाट
ऑक्सिजन फक्त झोपेत उतरतो की दिवसाही? केबिनमधला दाब सुमारे ८,००० फूट उंचीवर असतो तितका कमी होऊ शकतो, म्हणजे सिंहगडाच्या जवळजवळ दुप्पट. दिवसाही कमी असेल तर नुसत्या सीपॅपवर भागेल का, हे डॉक्टरांनाच विचारा. पत्र तसंही लागेलच.

बिनधास्त_बावधन
आणि ट्रान्सफॉर्मर घ्या, तिकडे ११० व्होल्ट असतात. मशीन जळेल.

वायरमन_सहकारनगर
अडॉप्टरवर इनपुट १०० ते २४० छापलेलं असतं. फक्त चपटी पिन लागेल. लोखंडाचा ठोकळा वाहून नेऊ नका.

मुग्धा_कर्वेनगर (रविवार सकाळ)
फोन लागला एकदाचा. मशीन केबिनमध्ये चालेल. सीटच्या प्लगची हमी नाही. मॉडेल नंबर आणि डॉक्टरांचं पत्र मागितलंय, लेबलचा फोटो रात्रीच पाठवला. ऑक्सिजन फक्त झोपेतच उतरतो, डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलंय. पॉवर बँक परत द्यायला नवरा गेलाय, दुकानदार घेतो की नाही देव जाणे. सीपॅपची बॅटरी उद्या दुपारपर्यंत भाड्याने मिळेल का? आणि योगासनं नकोत.

लोहगावचा_पक्षी
मशीन ज्यांच्याकडून घेतलं त्या डीलरलाच आधी विचारा, काहीजण देतात. घेताना दोन गोष्टी बघा. १०० वॉट-अवरच्या आतली आणि तो आकडा अंगावर छापलेली, कारण छापलेलं नसलं की तपासणीला वाद होतो. आणि वायर एअरसेन्स १० चीच हवी, ११ ची याला बसत नाही. दुकानातच मशीन लावून चालवून बघा.