साक्षांकन नमुन्यात अल्पवयातील मिटलेल्या प्रकरणाचा उल्लेख करावा का?

मिलिंद_का
माझ्या पुतण्याची एका शासकीय कार्यालयात लिपिक पदासाठी निवड झाली असून चारित्र्य पडताळणीसाठी त्याच्याकडून साक्षांकन नमुना भरून मागितला आहे. 2021 मध्ये, तो 16 वर्षांचा असताना, वस्तीत झालेल्या एका मारामारीत दोन सज्ञान मुलांबरोबर त्याचेही नाव भारतीय दंड संहितेच्या कलम 324 (घातक हत्याराने किंवा साधनाने दुखापत करणे) खालील गुन्ह्यात आले होते. अल्पवयीनांची प्रकरणे हाताळणाऱ्या बाल न्याय मंडळाने त्याला समज देऊन घरी पाठवले, तेव्हा प्रकरण तेथेच मिटले असे आम्ही धरून चाललो. आता मात्र नमुन्यात ‘आपणाविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता काय?’ असा रकाना आहे आणि माहिती दडविल्यास सेवा समाप्त करण्यात येईल, असा इशाराही खाली छापलेला आहे. ‘नाही’ लिहावे तर दडविल्याचा ठपका येईल, ‘होय’ लिहावे तर हातातोंडाशी आलेली नोकरी जाईल, अशी धास्ती आहे. कायदा नेमके काय सांगतो?

दप्तरी
बाल न्याय अधिनियम, 2015 चे कलम 24 वाचावे. या कायद्याखाली ज्या मुलाचे प्रकरण निकाली निघाले, त्याला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होत नाही. त्यामुळे निःशंकपणे ‘नाही’ लिहावे.

अ‍ॅड_अनघा
दप्तरी यांनी सांगितलेले कलम बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला सल्ला मी अशिलाला देणार नाही. अपात्रता न येणे आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या 2016 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने असे स्पष्ट केले, की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. मात्र तरुण वयातील किरकोळ स्वरूपाची बाब दडविली गेली असल्यास ती माफ करण्याचा विवेक नियुक्ती प्राधिकाऱ्याने वापरावा. म्हणजे दडविलेली गोष्ट माफ होऊ शकते, होईलच असे नाही.

अल्पवयीनांची बाजू त्याहून भक्कम आहे, हेही खरे. अधिनियमाच्या कलम 3 मध्ये नव्याने सुरुवात करू देण्याचे तत्त्व आहे, कलम 24 मध्ये अभिलेख नष्ट करण्याचा आदेश देण्याची तरतूद आहे आणि कलम 74 पोलिसांना निकाली निघालेल्या प्रकरणाचा अभिलेख चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा अन्यथा उघड करण्यास मनाई करते. याच कलमाच्या पोटकलम (1) मध्ये मुलाची ओळख प्रसिद्धी माध्यमांतून उघड करण्यास वेगळी मनाई असून तिचा भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातील एका उमेदवारासंबंधीच्या रमेश बिश्नोई प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये अल्पवयातील आरोपाचा कलंक पुढे चिकटू नये, हीच भूमिका घेतली. त्या उमेदवाराने प्रकरणाची माहिती स्वतःहून दिलेली होती, हे मात्र विसरू नये.

अपवाद एकच. ज्या गुन्ह्याला किमान 7 वर्षांची शिक्षा आहे, तो 16 ते 18 वयात केला आणि बाल न्यायालयाने सज्ञान समजून खटला चालवून दोषी ठरवले, तर हे संरक्षण मिळत नाही आणि अभिलेखही राखला जातो. कलम 324 त्यात कोठेच बसत नाही.

म्हणून मी रकाना कोरा ठेवणार नाही आणि ‘नाही’ही लिहिणार नाही. ‘अल्पवयीन असताना एक प्रकरण बाल न्याय मंडळाने निकाली काढले असून अधिनियमाच्या कलम 24 नुसार कोणतीही अपात्रता लागू नाही’ एवढेच लिहून मंडळाच्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी. मारामारीची हकीकत सांगण्याचे कारण नाही.

निवृत्त_अंमलदार
वकील मॅडमनी कायदा सांगितला, मी पोलीस ठाण्यातली रीत सांगतो. एकटे अल्पवयीन मूल असते आणि गुन्हा असा हलका असता, तर याच अधिनियमाखालील केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे प्रथम खबर (एफआयआर) नोंदवलीच गेली नसती. स्टेशन डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल एवढ्यावर भागले असते. येथे बरोबर दोघे सज्ञान होते, म्हणून रीतसर गुन्हा दाखल झाला. मुलाची चौकशी मंडळासमोर वेगळी चालते, पण गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) तिघांचा एकच राहतो. मोठ्यांचा खटला वर्षानुवर्षे चालतो, तोवर ते कागद कोणी नष्ट करू शकत नाही आणि पुतण्याचे नाव त्यातच राहते. पडताळणीचा अर्ज आला, की मदतनीस संगणकावर नाव टाकतो, समोर गु.र.नं. दिसतो आणि तो शेऱ्यात उतरवून मोकळा होतो. जन्मतारीख ताडून पाहण्याची तसदी सगळेच घेतात असे नाही. यात बहुधा आकस नसतो, पण बेकायदा ते बेकायदाच.

त्यामुळे प्रत फक्त कार्यालयाला देऊन थांबू नका. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा, त्याला मंडळाचा आदेश आणि जन्माचा दाखला जोडा, कलम 74 चा उल्लेख करा आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घ्या. पडताळणीचा कागद ठाण्यात पोहोचण्याआधी हे झालेले बरे. प्रतिकूल शेरा एकदा वर गेला, की तो परत आणताना दम निघतो.

मिलिंद_का
आदेशाची प्रत मिळाली. त्यात समज देऊन सोडल्याचे आहे, अभिलेख नष्ट करण्याबद्दल एक अक्षरही नाही. अभिलेख सात वर्षे ठेवतात असे ऐकले, मग आता तेवढे थांबावे लागेल काय?

अ‍ॅड_अनघा
आदर्श नियमांतील 7 वर्षे ही अभिलेख जपून ठेवण्याची कमाल मर्यादा आहे, अर्ज करण्यापूर्वीची प्रतीक्षा नव्हे. मंडळाच्या आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत 30 दिवसांची असते आणि ती केव्हाच उलटून गेली आहे. त्याच मंडळासमोर कलम 24(2) खाली अर्ज करून पोलिसांना निर्देश देण्याची विनंती करावी. सज्ञान आरोपींच्या खटल्यातील मूळ कागद त्या आदेशाने हलणार नाहीत, हे उघड आहे. म्हणून पुतण्याच्या नावाची नोंद पडताळणी अहवालात दर्शवू नये, अशी वेगळी मागणी त्याच अर्जात स्पष्ट शब्दांत लिहावी. कार्यालयाने नमुन्यासाठी दिलेली मुदत जवळ आली असेल, तर आदेशाची वाट न पाहता अर्जाची पोच नमुन्यासोबत जोडावी.