मदत हवी आहे : क्रूझच्या थांब्यात अँटिग्वाचा कॉफीमळा जमेल का?

नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन पनामा कालव्याच्या क्रूझवर जातोय. ग्वाटेमालात पुएर्तो केत्झालला जहाज सकाळी लागतं आणि संध्याकाळी पाचला सगळ्यांनी परत चढायचं असतं. तिथून अँटिग्वा हे गाव साधारण दीड तासावर, तेही ट्रॅफिक नसेल तर.

बाबांना कॉफीमळा बघायचाच आहे. कूर्गला त्यांनी सिल्व्हर ओकच्या सावलीतली कॉफी पाहिली आहे. अँटिग्वालाही सावलीसाठी हेच झाड लावतात, हे कळल्यापासून तर ते फारच उत्सुक आहेत. शिवाय फेब्रुवारी म्हणजे ऐन तोडणीचा हंगाम. लाल फळं, गर काढणं, अंगणात वाळत घातलेल्या बिया, सगळं एकदम बघायला मिळेल. हे चुकवू नये असं मलाही मनापासून वाटतं.

कुणी गेलं असेल तर सांगा : जहाजाचीच सहल घ्यावी की बाहेरची गाडी? बाहेरची स्वस्त पडते, पण उशीर झाला तर जहाज थांबत नाही, ही धास्ती आहे. आईचे गुडघे दुखतात. मळ्यात चढ किती, वाहनातून फिरवतात का? गावातले दगडी रस्ते तिला झेपतील का? नाहीतर गाव सोडून फक्त मळाच करू.