मदत हवी आहे : मॅट थर दिल्यावर रोबोटचे गडद भाग पांढुरके पडले आहेत

सांधेजोड
नमस्कार. हाय ग्रेड या प्लास्टिक मॉडेल-संचांच्या मालिकेतला १/१४४ प्रमाणाचा एक रोबोट जोडून, त्याच्या पॅनेल रेषा (भागांवर कोरलेल्या बारीक खाचा) शाईने भरून झाल्यावर काल त्यावर मॅट, म्हणजे चकाकी घालवणारा, पारदर्शक थर फवारला. पांढऱ्या भागांवर तो सुरेख बसला आहे. परंतु छातीचा गडद निळा भाग, पाठीवरची काळी पेटी आणि गुडघ्यांखालचे करडे भाग यांच्यावर आज सकाळी भुरकट पांढरा पडदा दिसू लागला. कोरड्या कापडाने पुसून तो जात नाही. परवा हा रोबोट प्रदर्शनात मांडायचा आहे. एअरब्रश आणि कंप्रेसर घेणे मला परवडणारे नाही, नवा संच घेणेही शक्य नाही. तेव्हा जो थर बसला आहे त्यावर काय करता येईल एवढेच कृपया सांगावे.

रंगछटा
फवारा कोणता वापरलात, लॅकर (तीव्र द्रावकातला) की पाण्यावर आधारित ॲक्रिलिक? खाली रंग दिला आहे की प्लास्टिकचा मूळ रंगच ठेवला आहे? फवारताना हवा कशी होती आणि डबा किती अंतरावर धरला होता? रेषांसाठी वापरलेले पेन कोणत्या शाईचे आहे? असा पडदा येण्याची निदान तीन वेगवेगळी कारणे आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला, तर आज सुधारता येण्याजोगा भाग कायमचा जाऊ शकतो. म्हणून उत्तर देण्याआधी एवढी चौकशी करावी लागते आहे.

जुनाछंदी
माझ्या मते डब्यातला फवारा हेच या दुखण्याचे मूळ आहे. त्याचा दाब आपल्या हाती नसतो, थेंब मोठे पडतात आणि मिश्रण किती पातळ करायचे हेही आपण ठरवू शकत नाही. ०.३ मिमी नोझलचा साधा एअरब्रश घेतला, तर एकाच उपकरणात प्राइमर (रंगाखालचा पहिला थर), रंग आणि शेवटचा थर अशी तिन्ही कामे होतात आणि रंगही कमी लागतो. दोन-चार संच झाले की हाच मार्ग स्वस्त पडतो.

सांधेजोड
एअरब्रश घेणार नाही, असे वर स्पष्ट लिहिले आहे. रंग दिलेला नाही, प्लास्टिकचा मूळ रंगच आहे. फवारा साधा मॅट क्लिअर आहे. हवा नेहमीसारखीच होती. कृपया उपाय सांगा.

काटेकोर
'साधा' आणि 'नेहमीसारखी' या दोन शब्दांवरून काहीही ठरवता येणार नाही. डब्यावर काय छापले आहे ते जसेच्या तसे लिहा. मॉडेलसाठी बनवलेला फवारा आणि भिंती, लोखंड किंवा वाहने यांच्यासाठी बनवलेला फवारा यांच्यातले द्रावक सारखे नसतात, आणि आपला संच पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचा आहे.

झटपट
नेलपॉलिश काढण्याचे द्रव कापसाच्या काडीवर घेऊन हलक्या हाताने पुसा, वरचा थर निघून येईल. घरात असतेच, वेगळा खर्च नाही.

काटेकोर
हे कृपया कोणीही करू नये. त्या द्रवात बहुधा ॲसिटोन असते आणि ॲसिटोन पॉलिस्टायरीन विरघळवते. 'ॲसिटोनविरहित' असे लिहिलेल्या बाटल्यांमध्येही बऱ्याचदा इथाइल ॲसिटेट असते आणि तेही तेच करते. थर निघेल, पण त्याबरोबर पॅनेल रेषांच्या कडा बोथट होतील, पृष्ठभाग चिकट होईल आणि काडीचे तंतू त्यात रुतून बसतील. थर काढायचाच असेल, तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल हा त्या मानाने सुरक्षित मार्ग आहे. ॲक्रिलिक थर त्याने सुटतो आणि पॉलिस्टायरीनला इजा होत नाही. मात्र तेही आधी आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवर लावून पाहावे.

सांधेजोड
डब्यावर 'मॅट क्लिअर लॅकर, वाहनांच्या प्लास्टिक व धातूच्या भागांसाठी' असे छापले आहे. मॉडेलसाठीच्या डब्यापेक्षा तो बराच स्वस्त मिळतो आणि निम्म्याहून अधिक शिल्लकही आहे. फवारताना बाहेर पाऊस चालू होता, पण मी आडोशाला होतो आणि रोबोटवर एक थेंबही पडलेला नाही. रोबोट पूर्ण जोडलेल्या अवस्थेत होता. रेषांचे पेन तेलाधारित शाईचे आहे. अंतर मोजले नव्हते, साधारण वीतभर असेल.

रंगछटा
आता चित्र बरेच स्पष्ट झाले. तिन्ही शक्यता मांडतो.

पहिली शक्यता दमट हवेची आहे. फवाऱ्यातला द्रावक उडून जाताना पृष्ठभाग झपाट्याने थंड करतो आणि थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमावेत तशी हवेतली वाफ ओल्या थरावर जमते व त्यात अडकून पडते. त्यासाठी रोबोट भिजावा लागत नाही, हवेत दमटपणा असला की पुरे. आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर असेल, तर मी लॅकर फवारतच नाही.

दुसरी शक्यता मॅट द्रव्याचीच आहे. मॅट थरात सिलिकासारखी अतिशय बारीक भुकटी मिसळलेली असते. तिच्यामुळे पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खडबडीत होतो आणि प्रकाश विखुरला जाऊन चकाकी मरते. डबा पुरेसा हलवला नसेल किंवा थर जाड पडला असेल, तर ही भुकटी पांढरी दिसू लागते. पांढऱ्या प्लास्टिकवरही ती तितकीच बसलेली असते, तेथे ती डोळ्यांना कळत नाही इतकेच. आपले पांढरे भाग 'सुरेख' दिसण्याचे कारण बहुधा हेच आहे.

तिसरी शक्यता म्हणजे जहाल द्रावकाने खालचे प्लास्टिकच खाल्ले असणे, आणि वाहनांचा फवारा उघड्या प्लास्टिकवर जवळून मारल्यामुळे ती नाकारता येत नाही.

आता एक सोपी परीक्षा करा. पाठीच्या पेटीच्या खालच्या बाजूवर बोटाने पाण्याचा थेंब पसरवा आणि तिरप्या उजेडात पाहा. ओले असेपर्यंत काळा रंग खोल, स्वच्छ दिसला आणि वाळताच पुन्हा भुरकट झाला, तर दोष पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा आहे आणि वर ग्लॉस, म्हणजे चकचकीत पारदर्शक, थर देऊन तो जाईल. ओले असतानाही आतून दुधाळ दिसले, तर ओल थरात अडकली आहे. आणि भिंगातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या तडा दिसल्या, तर प्लास्टिक दुखावले आहे. तेथे पॉलिश पेपरने घासण्यावाचून गत्यंतर नाही.

सावलीरेषा
वाहनांच्या फवाऱ्याला सरसकट दोष देणे मला पटत नाही. माझ्याकडचे बहुतेक सर्व रोबोट त्याच प्रकारच्या डब्यांनी पूर्ण झाले आहेत. पहिले एक-दोन हात दूरवरून, नुसते धुके बसेल इतके हलके द्यायचे, ते वाळू द्यायचे आणि मगच पुढचा थर द्यायचा, एवढे पथ्य पाळले, तर प्लास्टिकला काही होत नाही, कारण द्रावक पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत त्याचा बराचसा भाग उडून गेलेला असतो. ज्यांना कमी खर्चात काम करायचे आहे त्यांना 'फक्त मॉडेलचाच डबा घ्या' असे सांगणे म्हणजे त्यांना या छंदातूनच बाहेर काढणे आहे.

काटेकोर
तो हात बसायला वेळ लागतो, आणि नवखा माणूस वीतभर अंतरावरून ओला थर मारतो हे याच धाग्यात दिसते आहे. उघड्या प्लास्टिकवर तो फवारा मारण्याआधी रिकाम्या रनरवर (संचातले भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर) किंवा संचातून उरलेल्या जादा भागावर मारून दुसऱ्या दिवशी पाहावे. त्याला काहीच खर्च येत नाही. एवढी अट मान्य असेल, तर माझा आपल्या म्हणण्याला विरोध नाही.

सावलीरेषा
रनरवर चाचणी घ्यावी हे मान्यच आहे, मीही घेते.

जुनाछंदी
थोडे अवांतर होईल, पण नव्या मंडळींनी हे जाणून घ्यावे असे वाटते. बांदाई या जपानी कंपनीने गुंडाम या ॲनिमेशन मालिकेतल्या रोबोटचा पहिला १/१४४ संच १९८० साली बाजारात आणला, तेव्हा भाग गोंदाने चिकटवावे लागत आणि मालिकेतले रंग हवे असतील, तर रंगकाम आपणच करावे लागे. आज हाय ग्रेड संचांत निरनिराळ्या रंगांचे भाग साच्यातूनच येतात आणि गोंदाशिवाय जुळतात. म्हणून नुसत्या रेषा आणि मॅट थर यांवर काम भागते. परंतु दोन अर्ध्या भागांच्या मधली जोडरेषा तशीच राहते, आणि ती घालवल्याशिवाय कोणताही रोबोट पूर्ण झाला असे मी मानत नाही. दोन्ही कडांना प्लास्टिक सिमेंट (प्लास्टिक वितळवून जोडणारा गोंद) लावून, भाग दाबून, वितळलेले प्लास्टिक किंचित बाहेर येऊ द्यावे, किमान एक दिवस पूर्ण कडक होऊ द्यावे आणि मग ४००, ६००, ८०० क्रमांकांच्या, म्हणजे अधिकाधिक बारीक होत जाणाऱ्या, पॉलिश पेपरने घासावे.

रंगछटा
जोडरेषेची माहिती उपयुक्त आहे, परंतु आता त्या भागावर सिमेंट लावले, तर धागाकर्त्यांचे आहे तेही काम बिघडेल. आधी परीक्षेचा निकाल येऊ द्या.

सांधेजोड
परीक्षा केली. पाठीची पेटी आणि छाती ओली असताना अगदी स्वच्छ काळी-निळी दिसते आणि वाळल्यावर पुन्हा पांढुरकी होते. उजव्या पायाच्या करड्या भागावर मात्र ओले असतानाही थोडा दुधाळपणा राहतो. भिंगातून तडा कोठेही दिसल्या नाहीत. आज पाऊस नाही. आता नेमके काय करू?

रंगछटा
तडा नाहीत ही सर्वांत चांगली बातमी आहे. आता घाई करू नका, परवापर्यंत हे होण्यासारखे आहे.

रोबोट सुटा करा. हात, पाय, पाठीची पेटी आणि सुटणारी चिलखते वेगळी करून मगर-चिमट्यांनी लाकडी काड्यांवर लावा. जोडलेल्या अवस्थेत फवारल्यास सांध्यांच्या आड थर पोहोचत नाही आणि जेथे पोहोचतो तेथे सांधा हलवताच तो खरवडला जातो. डोळ्यांचे चकचकीत स्टिकर आणि पारदर्शक भाग काढता आले तर काढा, नाहीतर मास्किंग टेप लावून झाका. मग ग्लॉस क्लिअर २० ते ३० सेंमी अंतरावरून फवारा. फवाऱ्याची सुरुवात भागाच्या बाहेर करायची, हात न थांबवता भागावरून न्यायचा आणि बाहेरच सोडायचा. पहिला हात धुक्याइतका हलका हवा. तो वाळला की पुढचा किंचित ओलसर द्या, म्हणजे तो भुकटीच्या उंचसखल भागात उतरेल आणि पडदा नाहीसा होईल. उजव्या पायाला हा दुसरा हात थोडा अधिक ओला लागेल. नव्या थरातला द्रावक जुना लॅकर मऊ करतो आणि कोरड्या हवेत अडकलेली ओल बाहेर पडायला वाट मिळते. मात्र तेलाधारित शाई ओल्या लॅकरखाली पसरू शकते, म्हणून पॅनेल रेषांवर फवारा रेंगाळू देऊ नका.

यानंतर रात्रभर हात लावू नका. उद्या सकाळी पुन्हा मॅट द्यायचा की नाही हे हवा पाहून ठरवा. द्यायचाच असेल, तर डब्यातली गोळी मोकळी खडखडू लागल्यावरही निदान मिनिटभर तो हलवा आणि फक्त एकच हलका हात द्या. हवा दमट वाटली, तर ग्लॉसवरच थांबा. चकाकी असलेला रोबोट पाहणाऱ्याला खटकणार नाही, पांढरा पडदा मात्र दुरूनही दिसेल.

काटेकोर
वरील सर्व गोष्टींशी सहमत आहे. एकच भर घालतो. फवारताना खिडक्या उघड्या असाव्यात, जवळपास ज्योत नसावी आणि तोंडावर सेंद्रिय वाफांसाठीचे फिल्टर असलेला मास्क असावा. कापडी मास्क किंवा रुमाल लॅकरच्या वाफा अडवत नाही. बचत करायची असेल तेथे अवश्य करावी, पण मास्कवर करू नये.

सावलीरेषा
मॅट अगदी सगळीकडे द्यायलाच हवा असेही नाही. रनरपासून भाग तोडल्याच्या खुणा झाकणे हे त्याचे एक मोठे काम असते. निप्परने (भाग कापायच्या पक्कडीने) एकदम पृष्ठभागालगत कापले, तर गडद प्लास्टिकवर ताणामुळे पांढरा डाग उमटतो. म्हणून आधी थोडे लांब कापावे, मग उरलेले टोक दुसऱ्यांदा कापावे आणि शेवटचा कण पॉलिश पेपरने उतरवावा. हे नीट केले, तर ग्लॉसखालीही खुणा दिसत नाहीत.

सांधेजोड
छाती आणि पाठीची पेटी यांच्यावर ग्लॉसचे दोन हात देऊन झाले. पडदा पूर्ण गेला आहे. उजव्या पायाच्या एका कडेला अजून किंचित दुधाळपणा आहे, तेथे आणखी एक हात देतो. सर्वांचे मनापासून आभार.

प्रथमपाऊल
याच विषयाला धरून एक शंका आहे. माझ्या रोबोटच्या खांद्याचा सांधा रेषा भरल्यानंतर दुसऱ्या दिवशी आपोआप तडकला. फवारा अजून मारलेलाच नाही. यामागेही दमट हवा असेल का?

काटेकोर
नाही, त्याचा दमट हवेशी संबंध नाही. रेषा भरायला तुम्ही वाहते इनॅमल (खाचेत आपोआप पसरणारा पातळ केलेला तेलाधारित रंग) वापरले असावे. इनॅमलचा थिनर सांध्यात झिरपतो आणि आधीच घट्ट बसून ताणाखाली असलेले प्लास्टिक तडकवतो. एबीएस प्लास्टिकचे सांधे याला लवकर बळी पडतात. पुढच्या वेळी भाग सुटे करून, ताण नसताना रेषा भरा, थिनर कमीत कमी वापरा आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा. तडकलेला खांदा दुरुस्त करायचा असेल, तर तडा खुंटीला आहे की खोबणीला ते आधी सांगा, कारण खोबणी बाहेरून वेढून आवळता येते, खुंटीला मात्र आतून धातूची बारीक तार घालावी लागेल.