‘जड पाणी’ नेमकं कोणतं?

दर्यापूरकर: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फलक लिहितोय. विषय पाण्यातले समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) आणि जिवाणूंची वाढ. त्यात एक वाक्य आहे, ‘जड पाण्यात जिवाणू सावकाश वाढतात.’ एका मुलीच्या वडिलांनी वाचलं आणि म्हणाले, "मंग आमच्या हिरीचं पानी चांगलं म्हना ना सर, ते त जडच आहे." आमचा खारपाणपट्टा. इथं जड पाणी म्हणजे ज्यात डाळ शिजत नाही ते. हे वाचून कोणी पाणी न उकळता प्यायला लागलं तर? दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेडी: विहिरीच्या पाण्याला पुस्तकात ‘दुष्फेन’ शब्द आहे. तो वापरा, ‘जड’ फलकावर राहू द्या.

पूर्णाकाठ: ताई, दुष्फेन पेपरापुरता. माझी माय गंजाच्या बुडाला बसलेली पांढरी खपली नखानं खरवडते अन् ‘जड पानी’ म्हणते. तुमच्या फलकावरच्या जड पाण्यातला जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, 1931 साली सापडला. शब्दावर पहिला हक्क मायचा.

प्रयोगवही: दोन्ही जडपणं वेगळी. विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. फलकावरच्या पाण्यात हायड्रोजनच दुप्पट वजनाचा, म्हणून लिटरभर पाणी सुमारे 1.1 किलो भरतं. साध्या पाण्यात असा हायड्रोजन साधारण 6400 अणूंमागे एक. त्याचा कार्बनशी जुळलेला बंध तुटायला जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे पेशीतल्या अभिक्रिया रेंगाळतात. ई. कोलाय या जिवाणूला टप्प्याटप्प्यानं सवय लावली तर तो जवळजवळ शुद्ध जड पाण्यातही वाढतो, पण सावकाश. विहिरीतल्या क्षारांनी जंतू मरत नाहीत, एवढं मात्र ठळक लिहाच.

पूर्णाकाठ: मग ‘भारी पाणी’ म्हणा. भारी जमीन, हलकी जमीन आपण म्हणतोच.

शब्दवेडी: भारी पाणी हे सरळ हिंदी. ‘जड’ आपलं आहे, आणि संस्कृतात डलयोरभेदः, ड आणि ल यांत भेद नाही, म्हणजे जड आणि जल मुळात एकच असावेत असं मला फार दिवसांपासून वाटतं.

प्रयोगवही: ओढूनताणून आहे. ओझं जड म्हणताना माझा ज ‘जावई’तला, जडवाद म्हणताना ‘जन्म’तला. शब्दच दोन आहेत.

पूर्णाकाठ: आमच्याकडे दोन्हीकडे जावईच.

नवा सभासद: मध्येच विचारतो, गंजाच्या बुडाला म्हणजे? गंज लोखंडावर चढतो ना?

पूर्णाकाठ: नाही हो, गंज म्हणजे पातेलं. आमच्या घरी पितळेचा होता, दोन पायल्या भात शिजायचा.

शब्दवेडी: फारसीत गंज म्हणजे खजिना. साठवायचं ते भांडं, तिथूनच आलं असणार.

दर्यापूरकर: फलक उद्या सकाळी लागतोय.

पूर्णाकाठ: खजिना कसा काय ताई? आमचा गंज चुलीवरच असायचा, साठवणीला कणगी वेगळी.