मदत हवी आहे: बोटीवरच्या फ्रिजच्या पेटीला आतून अस्तर

नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. हर्णैला मामेभावाची लहान बोट आहे. तिच्यासाठी १२ व्होल्टवर चालणाऱ्या फ्रिजची पेटी इथेच बनवून घेऊन जायची आहे. आतलं माप ५० × ४० × ४० सेंमी, म्हणजे ८० लिटर. झाकण वरूनच ठेवतोय, कारण थंड हवा जड असते, उघडलं तरी खालीच राहते.

बाहेर मरीन प्लाय, मध्ये १०० मिमी पफ (गारवा टिकवणारा पॉलियुरेथेन फोम), आत फायबरग्लास. पहिल्या प्रयत्नात पफऐवजी थर्माकोल वापरलं आणि त्यावर थेट पॉलिएस्टर रेझिन लावलं. थर्माकोल विरघळून खड्डे पडले, दोन रविवार वाया गेले. एपॉक्सी रेझिनने तसं होत नाही हे नंतर समजलं.

आता अडलंय ते इथे: दमट हवेतली वाफ पफमध्ये शिरू नये म्हणून प्लॅस्टिकचा थर बाहेरच्या, गरम बाजूला हवा हे पटतं, पण कोपऱ्यांचे सांधे कशाने बंद करू? आणि तळाच्या निचऱ्याच्या नळीतून गारवा निघून जाऊ नये म्हणून नळीला यू-आकाराचं वळण पुरेल, की बूचच बरं? मासे ठेवायचे आहेत, त्यामुळे धुणं रोजचं. कोणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा, फोटो असतील तर फारच उत्तम.